दोन इमारतींमधला सोलर रस्ता

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, त्यानंतर काही महिन्यांनी त्यांनी मला एक व्हिडिओ पाठवला. परदेशातला कुठलातरी रस्ता होता. डांबराच्या जागी काळ्या षटकोनी काचा बसवलेल्या, त्यावरून एक गाडी सावकाश जाते आणि ती पुढे सरकेल तसे काचांमधले दिवे लागत जातात. खाली भावोजींनी लिहिलं होतं, ‘हे आपल्याकडे का नाही? रविवारी ये. बोलायचंय.’

मी इलेक्ट्रिकल इंजिनीअर आहे. दादरला एका लहानशा सल्लागार कंपनीत नोकरी करते. शाळा, दवाखाने, सोसायट्या यांना गच्चीवर सोलर पॅनेल बसवायची असली की आम्ही जाऊन बघतो. किती बसतील, कुठून सावली येते, वीज किती मिळेल, हे सांगणं माझं काम. त्यामुळे हा व्हिडिओ मला आधीही बऱ्याच जणांनी पाठवला होता. प्रत्येकाला मी थोडक्यात ‘नाही’ असं कळवून विषय संपवत असे. भावोजींना तसं कळवता आलं नाही.

ताईचं घर करी रोडला. भावोजींची चाळ पाडून तिथे दोन इमारती उभ्या राहिल्या. एक आमच्या लोकांची, म्हणजे जुन्या भाडेकरूंची, बावीस मजल्यांची. दुसरी विक्रीची, तिचे मजले खालून मोजता मोजता मान दुखते. दोन्हींच्या मधून एक रस्ता जातो. गेट एकच. चाळ पडल्यापासून नवीन घराची किल्ली हातात येईपर्यंतची सगळी वर्षं भावोजींनी त्या इमारतीत घातली. ट्रान्झिट कॅम्पातून कामावर जायचे आणि कामावरून बिल्डरच्या ऑफिसात. आता ते सोसायटीचे सेक्रेटरी होते, आणि सेक्रेटरीला करण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

रविवारी जेवण व्हायच्या आधीच ते मला खाली घेऊन गेले. एप्रिल महिना होता. जयंतीचा मंडप अजून पुरता निघाला नव्हता, बांबू एका कडेला रचून ठेवलेले होते. भर दुपार, आणि दोन इमारतींमधल्या त्या रस्त्यावर डोळे दिपतील असं ऊन पडलं होतं.

“बघ,” ते म्हणाले, “इथून तिथपर्यंत. नुसता पडून आहे. गाड्या येतात-जातात, बाकी काय काम आहे याला?”

“रस्त्याचं तेवढंच काम असतं, भावोजी.”

“तेच ना. दुसरं पण करेल.”

मी त्यांना समजावून सांगायला लागले. आडवं ठेवलं म्हणून पॅनेलचं फार बिघडत नाही, मुंबईत सूर्य बराच डोक्यावर येतो. पण गाडीचं वजन पेलायचं तर काच जाड लागते. टायर घसरू नये म्हणून ती खरखरीत करावी लागते. खरखरीत काचेत धूळ बसते, ती धुतली तरी पुरती निघत नाही. गच्चीवरच्या पॅनेलला खालून वारा लागतो, रस्त्यातलं पॅनेल जमिनीत तापत राहतं, आणि तापलं की कमी वीज देतं. वर गाडी उभी राहिली तर विषयच संपला. शिवाय सेल एकामागे एक जोडलेले असतात. पाण्याच्या पाइपात मध्येच बोळा बसावा तसं होतं. एकावर सावली पडली की मागचेपुढचेही अडून बसतात.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तू छपरावाल्यांची माणूस. तू असंच बोलणार.”

“मग गच्चीवरच बसवू या ना.”

“गच्चीवर काय, सगळेच बसवतात.”

तरी मी गच्ची बघून आले. अर्ध्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि आग विझवायच्या पाण्याचे पाइप. उरलेल्या जागेवर बाजूच्या टॉवरची सावली फिरत असणार हे उघड होतं, कारण टॉवर दक्षिणेला होता. पूर्वेच्या टोकाला मात्र सकाळचं ऊन बारा महिने मिळेल असं वाटलं. मी खाली येऊन तसं सांगितलं. भावोजींनी ‘हं’ केलं आणि बोंबलाचं कालवण पुढे सरकवलं.

भांडी आवरताना ताई मला म्हणाली, “त्यांना एकदम नाही म्हणू नकोस गं. बिल्डिंगचं काम चालू होतं तोवर फाइल घेऊन रोज बाहेर पडायचे. आता दिवसभर फोन बघत बसतात. हे कायतरी मिळालंय डोक्याला.”

“पण ते होणार नाही ताई.”

“नाही होणार तर नाही होणार. तू कशाला आधी सांगतेस?”

आधी सांगण्याचाच तर मला पगार मिळत होता.

पंधरवड्यात भावोजींनी एक माणूस शोधून काढला. सोलरचे रस्ते बनवणारी स्वतःची कंपनी त्याने नुकतीच काढली होती. वयाने तिशीच्या आसपासचा, बोलायला मऊ, चांगली नोकरी सोडून यात पडलेला. सोसायटीच्या ऑफिसात कमिटी जमली आणि मला ‘आपल्या घरच्या इंजिनीअर’ म्हणून बोलावणं आलं. त्याने लॅपटॉपवर चित्रं दाखवली. रस्ते, फुटपाथ, सायकलचे ट्रॅक, सगळं चकचकीत आणि कुठेही माणूस नाही.

मी विचारलं, “यावरून पाण्याचा टँकर गेला तर?”

“लोड टेस्टेड आहे, मॅडम.”

“आणि गाड्या उभ्या राहिल्या तर?”

“तिथे नो पार्किंग करायचं.”

कमिटीतले सगळे हसले. करी रोडला राहणारा माणूस त्यावर हसणारच. तोही जरा हसला. मग त्याने सांगितलं की पूर्ण रस्त्याचा विचार नंतर करू, आधी एक नमुना तो स्वतःहून बसवून देईल, फोटो काढायची परवानगी तेवढी द्यावी. फुकट म्हटल्यावर कोणाची हरकत उरली नाही.

निघताना तो गेटपाशी माझ्यासाठी थांबला. म्हणाला, “मॅडम, तुम्ही म्हणता ते मला माहितीये. पण कुठेतरी बसवल्याशिवाय ते सुधारणार कसं?”

“सुधारल्यावर तरी ते गच्चीपेक्षा बरं होईल का?”

“ते मला नाही माहीत,” तो म्हणाला. त्याचं हे उत्तर मला आवडलं. तो खोटं बोलत नव्हता, एवढं माझ्या लक्षात आलं.

रस्ता दोन्ही इमारतींचा, त्यामुळे टॉवरच्या लोकांची संमती हवी होती. त्यांची सभा टॉवरच्या तळमजल्यावरच्या एसी हॉलमध्ये होणार होती. भावोजींनी आदल्या दिवशी फोन केला.

“तू दोन शब्द बोल. इंजिनीअर बोलली की त्यांना पटतं.”

“मी बोलेन, पण जे मला ठाऊक आहे तेच बोलेन.”

“म्हणजे होणार नाही असं?”

“विचारलं तर तसंच सांगावं लागेल.”

“मग येऊ नकोस,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. मीही ‘बरं’ म्हटलं. त्यानंतर बरेच महिने आमचं बोलणं झालं नाही. ताईशी व्हायचं, त्यात त्यांचा विषय ती काढायची नाही आणि मीही काढत नसे.

संमती मिळाली. टॉवरवाल्यांना फोटोंमध्ये रस होता, असं ताई म्हणाली. मे महिन्यात गेटच्या आत, रस्त्याच्या मधोमध, घराची दोन दारं शेजारी शेजारी आडवी ठेवली तर होईल एवढा तुकडा उकरून त्यात काचेच्या फरश्या बसवल्या. वायर जमिनीखालून गेटच्या खांबाजवळच्या बॅटरीपर्यंत नेली. ही वीज कशासाठी वापरायची ते भावोजींनी ठरवलं होतं. गेटवर टॉवरचं इंग्रजी नाव स्टीलच्या अक्षरांत होतं आणि ते संध्याकाळ झाली की उजळायचं. आमच्या सोसायटीचं नाव त्याच्या खाली पत्र्यावर रंगवलेलं, अंधार पडला की ते दिसायचं नाही. आता त्याच्यावर दिव्यांची एक पट्टी आली.

त्यांनी मला फोटो पाठवला. काही लिहिलं नव्हतं. उजळलेलं नाव, खाली वॉचमन, आणि एका बाजूला हात मागे बांधून उभे असलेले स्वतः भावोजी. मी अंगठा पाठवला.

मे महिना त्या नमुन्याला छान गेला. हे मी नंतर ताईकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकलं. कामावरून परतणारी माणसं थांबून बघायची. खोताच्या वाडीतून भावोजींचे एक जुने सहकारी मुद्दाम बघायला आले आणि चहा घेऊन गेले. टॉवरमधल्या एका बाईंनी कुत्र्याला त्यावर उभं करून फोटो काढला. भावोजींना हे सगळं आवडत होतं.

मग पावसाळा आला. तेव्हा ढग असतात हे लहान मुलालाही कळतं, त्यामुळे दिवे लवकर विझायला लागले त्याचं कोणाला विशेष वाटलं नाही. अडचण वेगळीच झाली. समोर आणखी एका टॉवरचं काम चालू होतं, तिथून निघणारे ट्रक चाकांबरोबर चिखल आणायचे. तो आमच्या गेटमधून आत येणाऱ्या गाड्यांना लागायचा आणि काचेच्या खरखरीत पृष्ठभागावर बसायचा. भावोजी सकाळी फिरून आले की बादली आणि खराटा घेऊन स्वतः ती जागा धुवायचे. सफाईवाल्याला सांगितलं तर तो वरवर करतो, असं त्यांचं म्हणणं. ताईने एकदा वरून खिडकीतून पाहिलं. निवृत्त झालेला माणूस, इस्त्रीचा शर्ट, आणि वाकून रस्ता घासतोय. तिने मला फोनवर एवढंच सांगितलं.

जेवण पोचवणारे मोटारसायकलवाले नेमके तिथेच गाडी लावायचे, कारण गेटच्या आत सपाट, पाणी न साचणारी जागा तीच होती. भावोजींनी प्लॅस्टिकचे लाल शंकू आणून चार कोपऱ्यांना ठेवले. शंकूमुळे टॉवरच्या गाड्यांना वळता येईना. त्यांच्या सोसायटीकडून तक्रार आली. शंकू काढले. गणपतीनंतर केव्हातरी एका टँकरने वळताना मागचं चाक फरशीच्या कडेवरून घातलं आणि काचेत बारीक रेघा पसरल्या. काच निखळली नाही, पण त्या कोपऱ्यातून पाणी आत जायला लागलं. भावोजींनी त्या कंपनीवाल्याला फोन केले. सुरुवातीला तो येऊन बघून गेला, काहीतरी चिकटद्रव्य भरून गेला. पुढे फोन लागेनासा झाला. त्याने पुन्हा नोकरी धरली असं कोणाकडून तरी कळलं.

डिसेंबरात एका शनिवारी भावोजींचा फोन आला. काही घडलंच नसल्यासारखं म्हणाले, “जरा येतेस का? दुपारी ये. बाराच्या सुमाराला.”

मी गेले. ते खालीच उभे होते. तब्येत उतरली होती, की मीच खूप दिवसांनी बघत होते, सांगता येत नाही. त्यांनी मला नमुन्यापाशी नेलं.

“तडा गेला तो सोड,” ते म्हणाले. “एका बाजूच्या फरश्या अजून धड आहेत. मी त्या घासून पुसून ठेवल्यात. वर कोणाची गाडी नाही, ढग नाही. तरी संध्याकाळी दिवा लागत नाही. का?”

मी वर पाहिलं. आभाळ निळंभोर होतं. पण सूर्य टॉवरच्या मागे होता आणि टॉवरची सावली रस्ता ओलांडून आमच्या इमारतीच्या भिंतीवर कितीतरी मजले वर चढली होती.

“ऊन कुठंय, भावोजी?”

त्यांनी आजूबाजूला बघितलं. रोज ते तिथे उभे राहत होते, पण बघायचे खाली, काचेकडे. आत्ता पहिल्यांदा त्यांनी मान वर करून टॉवर बघितला.

“एप्रिलात होतं की,” ते म्हणाले.

“एप्रिल-मेमध्ये सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा मधल्या फटीतून ऊन खाली पडतं. आता तो दक्षिणेला कललाय. अजून काही महिने इथे असंच राहणार.”

“म्हणजे दर वर्षी?”

“टॉवर आहे तोवर.”

ते थोडं चालले. गेटपर्यंत गेले, परत आले. मला वाटलं आता ते माझ्यावर चिडतील, कारण हे मी आधीच सांगायला हवं होतं असं त्यांना वाटणं साहजिक होतं. मी सावलीचं सांगितलं होतं, पण बाकीच्या कारणांच्या गर्दीत. ते चिडले नाहीत.

“आमच्या चाळीच्या गॅलरीत,” ते म्हणाले, “संध्याकाळी पाच वाजेपर्यंत ऊन असायचं. आई ओरडायची, आत या, काळे व्हाल. अॅग्रीमेंट केलं तेव्हा मी सगळं घातलं त्यात. पाणी, लिफ्ट, पार्किंग, गच्चीचा हक्क, मुलांना खेळायला जागा. वकिलालासुद्धा सुचलं नाही ते मी घातलं. उन्हाचं कोणी लिहिलं नाही.”

“उन्हाचं कोणी लिहीत नाही, भावोजी. कुठेच नाही.”

“हो, पण मी लिहायला पाहिजे होतं.”

मग ते जेवायला चल म्हणाले. वर ताईने दिवसाही दिवा लावला होता. जेवताना त्यांनी इतर विषय काढले. माझ्या ऑफिसचं विचारलं. बुद्धविहाराच्या रंगकामाचं सांगितलं. मी निघाले तेव्हा लिफ्टपर्यंत सोडायला आले, हे ते पूर्वीही करायचे.

जानेवारीत सोसायटीने फरश्या उखडून तिथे पेव्हर ब्लॉक बसवले. काचा न्यायला कोणी आलं नाही, त्या काही दिवस मीटरच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून होत्या, मग भंगारवाल्याने नेल्या. वायर तशीच जमिनीखाली राहिली. गेटवरच्या नावाला आता सोसायटीच्या मीटरवरून वीज जाते. ते दिवे बंद करावेत असं टॉवरच्या कोणी सुचवून पाहिलं, पण भावोजींनी ते होऊ दिलं नाही.

त्यानंतरच्या सभेत कमिटीतल्या एका तरुण सभासदाने गच्चीचा विषय मांडला आणि मला येऊन सांगायला बोलावलं. मी पूर्वेच्या टोकाचं मोजमाप केलं होतं. जिन्यातले आणि लॉबीतले दिवे चालतील एवढी वीज तिथून निघत होती. मी ते सरळ सांगितलं, कोणी फारसे प्रश्न विचारले नाहीत, आणि ठराव मंजूर होतोय असं वाटत असतानाच भावोजी उठले.

“त्या टोकाला कपडे वाळत घालतात,” ते म्हणाले.

तरुण सभासद म्हणाला, “काका, घरोघरी आता मशीन आहे.”

“मशीन आहे. गाद्या मशीनमध्ये जातात का? मिरच्या जातात? बायकांना विचारलं का कोणी?”

मागच्या रांगेत बायका होत्या. त्यांच्यात ताईही होती. कोणी विचारलं नव्हतं, आणि मीसुद्धा नाही. मी गेले होते त्या दिवशी तिथे दोऱ्या होत्या, मी त्या बाजूला सारून टेप लावली होती. बायका बोलायला लागल्या. बाकीच्या गच्चीवर सकाळी सावली असते, म्हणून सगळ्या मजल्यांवरून बायका त्याच कोपऱ्यात येतात. कोणी कोणत्या दिवशी गाद्या घालायच्या, हेसुद्धा आपापसांत ठरलेलं. सभा लांबली. शेवटी असं ठरलं की अर्धं टोक पॅनेलला आणि अर्धं दोऱ्यांना. माझा आकडा निम्म्यावर आला. आता जिन्यातले दिवे त्यावर चालतात, लॉबीतले नाही.

घरी आल्यावर ताई म्हणाली, “तू निदान मला विचारायचंस.”

“हो,” मी म्हटलं. “विचारायला हवं होतं.”

“रस्त्यावर नको, गच्चीवर नको, मग लोकांनी लावायचं तरी कुठे?”

“जिथे जागा आणि ऊन दोन्ही मोकळं आहे तिथे. मुंबईत ते फार ठिकाणी नाही.”

“मग तुझी नोकरी कशी चालते?” ती म्हणाली. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं, लहान लहान तुकड्यांवर चालते.

भावोजींनी पुढे सेक्रेटरीपद सोडलं. बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत संध्याकाळी ते मुलांना स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरायला मदत करतात. मला अधूनमधून व्हिडिओ येतात. मध्ये खिडकीच्या काचेतून वीज काढणाऱ्या कोणाचा तरी आला होता. मी आता ताबडतोब उत्तर देत नाही. वाचते, आकडे दिले असतील तर बघते, आणि भेटले की बोलते.

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नात आम्ही शेजारी शेजारी जेवायला बसलो होतो. नागपूरकडच्या एका पाहुण्यांनी रस्त्यावरच्या सोलरचा विषय काढला. त्यांच्याकडे कोणीतरी महामार्गावर करायचं म्हणत होतं. भावोजी लगेच सरसावून बसले. आम्ही करून बघितलंय, असं म्हणून काचेचा दर्जा कसा हलका होता, टँकरवाल्याने काय केलं, डिसेंबरात ऊन कसं जातं, सगळं त्यांनी नीट सांगितलं. पाहुणे म्हणाले, “म्हणजे चालत नाही तर.”

“आमच्याकडे चाललं नाही,” भावोजी म्हणाले. मग माझ्याकडे वळून, जरा हळू आवाजात, “तुझं सगळं बरोबर होतं असं मी म्हणत नाही हं. तिथे ऊन नव्हतं, एवढंच.”

महामार्गावरही काच जाडच लागेल, धूळ बसेलच, आणि कडेला मोकळी जमीन असताना गाड्यांच्या चाकांखाली पॅनेल घालण्यात काही अर्थ नाही, हे मला सांगता आलं असतं. पाहुण्यांनी विचारलं असतं तर सांगितलंही असतं. पण ते आता दुसऱ्या कोणाशी बोलत होते. वाढपी भात घेऊन आला. भावोजींनी त्याला माझ्या ताटाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “हिला वाढ आधी.”